लिगोरची फुंकर

पास्कूकाकांना काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. समोरच्याचं बोलणं संपलं की चार सेकंद गप्प राहत आणि मग बोलत. चार म्हणजे चारच, मी मनातल्या मनात मोजून पाहिले आहेत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. तो तोच प्रश्न मोठ्याने विचारी आणि पास्कूकाका पुन्हा पहिल्यापासून चार सेकंद थांबत. कोर्लईच्या लोकांना याची सवय झाली होती. वाणी त्यांना "काय देऊ?" असं विचारून तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मीठ मोजून घेई.

त्या थांबण्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. मुंबईला ते आवाजाच्या तबकड्या कापायचं काम करत. कोऱ्या तबकडीवर सुई टेकली की ती स्थिर व्हायला तेवढा वेळ लागे. मग ते हात वर करत, आणि मग समोरच्याने गायचं किंवा बोलायचं. तीस वर्षं हे केल्यावर स्वतःचं बोलणंही ते तसंच सुरू करू लागले होते.

मी कोर्लईच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले ती सत्तावन्न साली. चोवीस वर्षांची होते, गिरगावात वाढलेली, आणि खाडी ओलांडून होडीने नोकरीला जावं लागेल हे मला रेवदंड्याच्या बंदरावर उतरेपर्यंत माहीत नव्हतं. गावातल्या ख्रिश्चन वस्तीत लोक घरात त्यांची स्वतःची, पोर्तुगीज वळणाची बोली बोलत आणि माझ्याशी मराठी. मला खोली मिळाली ती त्याच वस्तीत, पास्कूकाकांच्या ओट्याला लागून. ते तेव्हा साठीच्या घरात होते. उंच, वाळके, पांढरी पॅंट दोरीने आवळलेली, डोक्यावर उन्हातच नव्हे तर घरातही हॅट. लग्न केलेलं नव्हतं. चुलतभावाची सून त्यांना जेवण आणून देई.

आमची ओळख भांडणाने झाली. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा होता, आंब्याच्या फांदीला टांगलेला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी पास्कूकाका शाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले की ही घंटा आजारी आहे. मी म्हटलं, लोखंड आहे, आजारी कसं असेल? ते चार सेकंद थांबले. मग म्हणाले, "तुमी तिचा गळा बांधलाय बाई." त्यांनी रूळ खाली उतरवला, बोटाच्या पेराने सगळीकडे टिचक्या मारत बसले, एका जागी खडूने खूण केली, आणि तिथे काथ्याची दोरी बांधून तो पुन्हा टांगला. मी हातोडी मारली. आधी जे धप्प वाजत होतं ते आता असं घुमलं की पलीकडे वाळूत जाळी पसरणाऱ्या बायकांनी मान वर केली. पास्कूकाका तो आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले आणि निघून गेले.

कान हेच त्यांचं सगळं होतं. खाडीतून आत येणारी लाँच ते न बघता ओळखत. भिंतीपलीकडून मला सांगत की तुमचं दूध उतू जायला आलं. वर्गातली मुलं त्यांना खोकल्यावरून माहीत होती. पण या कानांनी त्यांना गावात शत्रूही करून दिले. एकदा एका मासेमारी करणाऱ्याची जाळी पहाटे कुणी तरी कापली. त्याचा संशय शेजारच्या बोटीवर होता. त्या वेळी गावात इंजिनाच्या बोटी मोजक्याच होत्या. तो चार माणसं घेऊन पास्कूकाकांकडे आला आणि म्हणाला, तुम्ही जागे असता, इंजिन ऐकलं असेल, एवढं सांगा की ते त्याचंच होतं.

पास्कूकाका म्हणाले, "इंजिन आयकला. त्याच्यासारका वाटला."

"मग पंचांसमोर सांगा."

"सारका वाटला, ते सांगीन. त्याचाच होता, ते न्हाय सांगनार."

त्या माणसाने बरंच समजावलं, मग आवाज चढवला. पास्कूकाका ओट्यावरून हलले नाहीत. पुढचे काही महिने त्या घरातून त्यांना मासळी आली नाही. चुलतभावाची सून माझ्याकडे येऊन कुरकुरली, की म्हाताऱ्याने एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर काय बिघडलं असतं. मलाही तसंच वाटलं होतं, हे कबूल करते.

त्यांच्या तबकड्या मी पहिल्यांदा ऐकल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात.

पत्र्याच्या एका ट्रंकेत तांदूळ भरलेला होता, आणि त्या तांदळात, मलमलीत गुंडाळून, बारा तबकड्या उभ्या ठेवलेल्या होत्या. खाऱ्या हवेतला ओलावा तांदूळ पितात, म्हणून. दर दोन महिन्यांनी ते तांदूळ उन्हात वाळवत. बाजारात मिळणाऱ्या तबकड्यांसारख्या या नव्हत्या. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या लॅकरचा थर, आणि त्यावर वाजवणं चालू असतानाच सरळ कापलेला आवाज. अशी तबकडी एकच असते. मऊही इतकी की ग्रामोफोनची लोखंडी सुई लावली तर ती लॅकर नांगरून काढते. म्हणून पास्कूकाका किल्ल्याच्या चढावरून करवंदीचे काटे आणत, घासून टोकदार करत आणि तो काटा सुईच्या जागी बसवत. तरी प्रत्येक वेळी थोडा आवाज झिजतोच, असं ते म्हणत. म्हणून एक तबकडी वर्षातून दोनदाच लावायची.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात दर शनिवारी नाच असे आणि बँड जॅझ वाजवी. हॉटेलवाल्याला हौस होती, त्याने पास्कूकाकांना यंत्रासकट बोलावून तो बँड तबकड्यांवर उतरवून घेतला होता. पुढे दारूबंदी आली, हॉटेलांतले बँड मोडले, तो मालकही देश सोडून गेला. जाताना तबकड्या त्याने पास्कूकाकांना देऊन टाकल्या.

मला जॅझमधलं काही कळत नव्हतं. घरी नाट्यगीतं आणि भावगीतं. पहिली तबकडी लागली तेव्हा मला फक्त काही तरी तळत असल्यासारखा आवाज आला. मी तसं म्हटलं. पास्कूकाकांना राग आला नाही. म्हणाले, "तळन्याच्या पाटीमागं जावा." मी कान दिला. हळूहळू त्या चरचरीमागून बशा वाजल्या, खुर्ची सरकली, एक बाई हसली, कुणी तरी बर्फ मागितलं. त्याच्याही मागून संगीत आलं. सगळे एकाच वेळी वेगवेगळं बोलतायत आणि तरी भांडण होत नाही, असं काहीसं. ते मला आवडलं की नाही हे आजही सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना माझा पाय ताल धरत होता.

तिसरी तबकडी लावताना मात्र पास्कूकाका आधी हॅट काढून मांडीवर ठेवत. ती अर्धी झाली की एका जागी सगळी वाद्यं मागे सरत, आणि पास्कूकाका बोट वर करत. तिथे बारीकशी फुंकर ऐकू येई. फू. मग एकटा ट्रंपेट सुरू होई.

तो ट्रंपेट त्यांच्या धाकट्या भावाचा होता, लिगोरचा. लिगोरला सोलो वाजवायच्या आधी वाद्यातलं थुंकीचं पाणी काढून एकदा रिकामी फुंकर मारायची सवय होती. त्यावरून पास्कूकाका त्याला ओळखत, कारण वाजवताना त्यांनी भावाला कधी बघितलंच नव्हतं. हॉटेलात त्यांना मुदपाकखान्याच्या दाराशी लाकडी पडद्यामागे बसवलेलं असे. सगळं लक्ष कापणाऱ्या सुईवर, आणि हातात कुंचला. लॅकरची काळी तार निघत राहते, ती सुईत अडकू नये म्हणून सारखी झाडावी लागते. सत्तेचाळीसच्या मे महिन्यात लिगोरला कराचीच्या एका हॉटेलात सहा महिन्यांचं काम मिळालं. तिसरी तबकडी तो बोटीत बसला त्याच्या आधीच्या शनिवारची. ऑगस्टमध्ये देशाचे दोन झाले. लिगोरचं एक कार्ड आलं, बरा आहे एवढंच. नंतर काही नाही. पास्कूकाकांनी त्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परत आली. कुणी म्हणालं तो पुढे आफ्रिकेला गेला, कुणी म्हणालं कोलंबोला. मेला असं कुणी म्हणालं नाही, आणि जिवंत पाहिला असंही नाही.

एकसष्ट साली दळवी आले. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीतले तरुण इंजिनिअर, धुळीने माखलेले बूट, बोलण्यात आर्जव. जुन्या बँडच्या तबकड्या शोधून त्या नव्या लाँगप्लेवर काढायचं कंपनीच्या मनात होतं. कुणा वादकाकडून त्यांना पास्कूकाकांचं नाव कळलं होतं. एका दुपारी त्यांनी चार तबकड्या ऐकल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. तो माणूस मनापासून आला होता, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक त्यांना नावं ठेवतात.

पास्कूकाका तबकड्या देणार नाहीत अशी माझी खात्री होती. काटा घासून वर्षातून दोनदा लावणारा माणूस. पण त्यांनी एकच विचारलं, ही लाँगप्ले कुठे कुठे विकली जाईल. दळवी म्हणाले, मुंबई, कलकत्ता, कोलंबो, नैरोबी, जमलं तर कराची. आणि वाजवणाऱ्यांची नावं कव्हरवर छापणार का? दळवी म्हणाले, सगळ्यांची. पास्कूकाकांनी चार सेकंद घेतले आणि आतून तिसरी तबकडी आणली. सोबत आणखी पाच. मी वहीच्या कागदावर त्यांच्या सांगण्यावरून नावं लिहून दिली. 'ट्रंपेट, लिगोर' हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग वर्षभर वाट. या काळात पास्कूकाका बोलके झाले होते. लिगोर कुठल्या तरी शहरात दुकानासमोरून चाललाय, काचेत कव्हर दिसतंय, तो थांबतो, असं ते मला सांगत, आणि त्या दुकानाचं दार उघडताना कसा आवाज होईल तेही सांगत.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी पोस्टाने लाँगप्ले आली. ती लावायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. चावीच्या ग्रामोफोनवर ती वाजत नाही. त्यामुळे पास्कूकाकांनी ती फक्त पाहिली. इंग्रजी त्यांना चांगलं वाचता येई, तरी कव्हर माझ्या हातात देऊन म्हणाले, वाचा. ट्रंपेटच्या पुढे नाव होतं सॅबीचं.

सॅबी म्हणजे त्याच बँडमधला दुसरा ट्रंपेटवाला. मी म्हटलं, छापण्यात चूक झाली असेल. पास्कूकाकांनी तबकडी कव्हरात घातली, कव्हर पिशवीत घातलं आणि विचारलं की मी सुट्टीला मुंबईला कधी निघणार आहे.

आम्ही दोघं निघालो. होडी, एसटी, मग रेवसहून लाँच. सबंध वाटेत ते एकदाच बोलले, की लाँचच्या इंजिनातली एक झडप नीट बसत नाही.

कंपनीच्या कचेरीत दळवींनी आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. चूक कशी झाली ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. नावांची खात्री करायला ते सॅबीकडे गेले होते, आणि सॅबीने सांगितलं होतं की त्या बँडमध्ये सोलो बहुतेक मीच वाजवत असे. म्हणून तसं छापलं. आधी ऐका तर खरं, असं म्हणून त्यांनी लाँगप्ले लावली.

चरचर नव्हती. बशा नव्हत्या, खुर्ची नव्हती, बर्फ मागणारा माणूस नव्हता. वाद्यं अशी वाजत होती की जणू धुऊन वाळत घातली आहेत. पहिलं गाणं संपल्यावर टाळ्याही आल्या, दणदणीत. दळवी थोडे संकोचून म्हणाले की मूळच्या टाळ्या फार दबलेल्या होत्या म्हणून दुसरीकडच्या जोडल्या आहेत. मग तिसऱ्या तबकडीतली ती जागा आली. वाद्यं मागे सरली. पास्कूकाकांचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं, कारण फुंकर आलीच नाही. एकदम ट्रंपेट सुरू झाला, स्वच्छ, अगदी कानाशी.

पास्कूकाका ऐकत राहिले. त्यांचं बोट हळूहळू खाली आलं. तबकडी थांबल्यावर ते चार सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "ह्यो कोन वाजवतो?"

दळवींना वाटलं ते रागाने विचारतायत. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मला दिसत होतं की ते खरंच विचारत होते.

त्यांनी मूळ तबकडी मागितली. दळवी उठले, बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तबकडीवर पांढरी बुरशीसारखी साय धरली होती, ती काढायला कंपनीतल्या कुणी तरी स्पिरिट वापरलं. स्पिरिटने लॅकर विरघळतं. फितीवर एकदा आवाज उतरवून घेतला होता, पण साफ केलेली प्रत तयार झाल्यावर ती मूळची फीत पुसून दुसऱ्या कामाला वापरली. तिसऱ्या तबकडीचा अर्धा भाग जुन्या भिंतीच्या रंगासारखा सोलून आला होता. दळवी पुनःपुन्हा माफी मागत होते. पास्कूकाकांनी ती तबकडी खिडकीकडे धरून तिरपी करून पाहिली, बोट न लावता.

मग दळवी म्हणाले, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा नाव बदलता येईल, फक्त सॅबीने तसं लिहून द्यायला हवं. त्यांच्याकडून पत्ता घेऊन आम्ही माहीमला गेलो.

सॅबी गोल, हसरा माणूस होता, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचा. पास्कूकाकांना पाहून त्याने मिठी मारली. लाँगप्लेची गोष्ट ऐकल्यावर त्याचं हसू गेलं. म्हणाला, त्या शनिवारी लिगोरला निरोप म्हणून आम्ही दोघं आलटून पालटून उभे राहत होतो, आणि दोघंही प्यायलेले होतो. कुठलं कुणी वाजवलं, देवाशपथ आठवत नाही. इंजिनिअरने विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं, कारण मला खरंच तसं वाटलं. मग तो उठला, आतून ट्रंपेट आणला आणि तो सोलो आठवेल तसा वाजवू लागला. अर्ध्यावर त्याचे ओठ थकले. एक वळण मात्र हुबेहूब आलं होतं, मलासुद्धा कळलं.

"हा माझा आहे असं वाटतं," सॅबी म्हणाला. "पण हे वळण मला लिगोरने शिकवलं. की मी त्याला शिकवलं? पास्कू, मी तुला लिहून देतो, लिगोरचं नाव घाल. मला काय करायचंय?"

तो कागद आणि पेन घेऊनच बसला. मला हायसं वाटलं. ज्यासाठी आलो ते झालं होतं.

पास्कूकाकांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "नको. लिगोरने ती आयकली, आनि ट्रंपेट त्याचा न्हाय निघाला, तर त्याला लगेच कळंल. त्याला वाटंल, माज्या भावाने मला ओळकला न्हाय."

सॅबीने आम्हाला चहा दिला आणि रस्त्यापर्यंत सोडायला आला.

सुट्टी संपवून आम्ही दोघं एकत्रच परतलो. लाँचवर पास्कूकाका कठड्याला टेकून बसले होते. त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसावं. पंधरा वर्षं त्या चरचरीतून त्यांना लिगोरच ऐकू येत होता. चरचर काढल्यावर तोच ट्रंपेट पहिल्यांदा उघडा ऐकला, तर तो अनोळखी वाटला. आता त्यांना कळत नव्हतं, की साफ करताना कंपनीने लिगोरला पुसलं, की तो आधीपासून तिथे नव्हताच.

मग त्यांनी मला विचारलं, "बाई, फुंकर होती ना? तुमी पन आयकलीत."

ती तबकडी मी तीन-चार वर्षांत सहा-सात वेळा ऐकली होती. ती ऐकलेली माणसं जगात आता आम्ही दोघंच होतो, दळवी आणि त्यांचे लोक सोडले तर, आणि त्यांनी तो आवाज कचरा म्हणून काढला होता. हो म्हणायला माझं काहीच जात नव्हतं. पण जाळीवाल्याला त्यांनी दिलेलं उत्तर मला आठवत होतं, आणि या माणसाला अर्धवट खरं चालणार नाही असं मला वाटलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही त्या जागी बोट वर करायचात. त्यामुळे मला ऐकू येत होती, की ती खरंच होती, हे मला आता सांगता येत नाही."

चार सेकंद गेले. "बरोबर बोललात," ते म्हणाले.

या उत्तराबद्दल मी किती वेळा स्वतःला दोष दिला आहे. आणि किती वेळा वाटलं आहे की दुसरं काही बोलले असते तर त्यांनी ते ओळखलं असतं.

त्यांनी कंपनीला एक पत्र पाठवलं, ते माझ्या अक्षरात होतं. कव्हरवर 'ट्रंपेट, सॅबी किंवा लिगोर' असं छापावं. दळवींचं उत्तर आलं, की 'किंवा' असं कव्हरवर छापत नाहीत, पण दुसऱ्या आवृत्तीत नावच गाळू आणि नुसतं 'ट्रंपेट' ठेवू. दुसरी आवृत्ती निघाली नाही. पहिलीच फारशी खपली नव्हती. उरलेल्या पाच तबकड्या मात्र दळवींनी स्वतः आणून दिल्या, कापसात गुंडाळून.

त्यानंतर पास्कूकाकांनी एक गोष्ट केली जिचा अर्थ मला कधी लागला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ट्रंकेतले तांदूळ कोंबड्यांना घातले, तबकड्या बाहेर काढल्या आणि रोज संध्याकाळी लावायला सुरुवात केली. दार उघडं. पावसाने अडकलेली वस्तीतली माणसं येऊन बसत, बायका भाजी चिरत बसत, कुणी बोलत, कुणी जांभया देत. काटे संपले तेव्हा त्यांनी लोखंडी सुई बसवली. मी न राहवून म्हटलं, काका, सगळं जाईल. ते म्हणाले, "लोकं आयकतात ना." गणपती येईपर्यंत त्या तबकड्यांतून फक्त सळसळ उरली होती. तरी ते लावत होते, आणि लोक येऊन बसत होते. ते दुःखात होते की मोकळे झाले होते, चेहऱ्यावरून ठरवता येत नव्हतं. जेवण बऱ्यापैकी जात होतं, एवढं चुलतभावाची सून सांगे. जाळीवाल्याच्या घरातून पुन्हा मासळी येऊ लागली होती.

त्रेसष्ट साली माझी बदली श्रीवर्धनला झाली. निघायच्या दिवशी पास्कूकाका घरी नव्हते. मी ओट्यावर थोडी थांबले, मग सामान डोक्यावर घेतलेला माणूस घाई करू लागला म्हणून किनाऱ्यावर गेले. होडी सुटली, वल्ही पडू लागली, आणि आम्ही पाण्यात बरेच आत गेल्यावर ते मला दिसले. किल्ल्याच्या बाजूने वाळूवरून भरभर येत होते, एका हाताने हॅट धरून. पाण्याच्या कडेला येऊन थांबले, हॅट वाळूवर ठेवली. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी मला काही तरी विचारलं. विचारलं हे नक्की, कारण ओरडून झाल्यावर ते मान तिरकी करून उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. होडीत दोन बायका भांडत होत्या, कुणाची तरी शेळी ओरडत होती. मला एक शब्दही ऐकू आला नाही. मी नावाड्याला विचारलं, त्यालाही नाही. पुन्हा ओरडा, असं मी हाताने सांगायला हवं होतं. पण ते इतके उंच आणि इतके एकटे दिसत होते, की मी होडीत उभी राहिले आणि मोठ्याने "हो" म्हटलं. मान हलवली, त्यांना दिसेल अशी, दोनतीनदा.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी हॅट उचलली, डोक्यावर नीट बसवली आणि पाठ फिरवून वस्तीकडे चालू लागले.